आधी फिर्यादीच्या घरी



जालन्यात गुन्हेगार आणि पीडित यांच्यातल्या समेटाविषयी बोलायचं तर बांधापासूनच सुरुवात करावी लागते. भोकरदन असो की घनसावंगी, आपल्याकडचे कितीतरी खून भावकीत होतात. बांध कोरण्यावरून, सामाईक विहिरीच्या पाळीवरून. मारणारा जन्मठेप घेऊन हर्सूल कारागृहात जातो. मयताची बायको त्याच बांधावर, मारणाऱ्याच्या आईच्या शेजारी दिवस काढते. निकाल लागला की सरकारच्या लेखी तिचं काम संपलं.

त्यानंतर तिला कुणी विचारतं ते बहुधा कैद्यानं संचित रजेचा अर्ज केल्यावरच. पोलीस येतात, हरकत आहे का म्हणतात, ती ‘आहे’ म्हणते, जबाब होतो. भीती नेमकी कशाची, तिच्या मनात कैद्याला विचारायचं काय आहे, याला त्या कागदावर जागा नसते.

कैद्याच्या सुधारणेचा वारसा आपल्याकडे मोठा आहे. १९३९ मध्ये औंध संस्थानानं मॉरिस फ्रीडमन यांच्या पुढाकारानं आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं. तिथं कैदी बायकामुलांसह राहून शेती करू लागले. ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट त्याच प्रयोगातून सुचला. आपल्या शेजारी पैठणला खुलं कारागृह आहे. या कामाविषयी मला मनापासून आदर आहे. पण कैद्याला त्याचं घर परत मिळवून देणाऱ्या या वाटेवर, ज्याचं माणूस गेलं त्याचं घर कुठेच लागत नाही.

ते घर लागलं तर काय घडू शकतं? १९७४ मध्ये कॅनडातल्या एल्मायरा गावी दोन तरुणांनी दारू पिऊन घरंदारं, गाड्या फोडल्या. परिवीक्षा अधिकाऱ्यानं त्यांना नुकसान झालेल्यांच्या दारी नेलं, भरपाई कबूल करायला लावली. खुनाचं प्रकरण याहून कितीतरी जड असतं. तरी मध्य प्रदेशात १९९५ मध्ये मारल्या गेलेल्या सिस्टर राणी मारिया यांच्या धाकट्या बहिणीनं २००२ मध्ये इंदूरच्या तुरुंगात जाऊन खुन्याला राखी बांधली. ती स्वतःहून गेली होती. माझ्या लेखी सगळं मोल त्या ‘स्वतःहून’ला आहे.

सामूहिक बलात्कार आणि खुनांच्या बिल्किस बानो प्रकरणात याच्या नेमकं उलट झालं. मुंबईच्या न्यायालयानं जन्मठेप दिलेले अकरा जण १५ ऑगस्ट २०२२ रोजी गुजरात सरकारनं सोडले. आपल्या सुरक्षिततेची विचारपूसही कुणी केली नाही, असं बिल्किस बानो यांनी जाहीरपणे सांगितलं. ८ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ती सुटका रद्द केली. पीडितेला वगळून दाखवलेल्या दयेला समेट म्हणता येत नाही. बलात्काराच्या खटल्यात तडजोडीला थारा नाही, हेही याच न्यायालयानं २०१५ मध्ये बजावलं आहे, आणि ते योग्यच आहे. गावपातळीवरच्या समेटातही हाच धोका आहे. तंटामुक्त गाव मोहिमेनं २००७ पासून पुष्कळ भांडणं गावातच मिटवली. पण गावाला तंटामुक्तीच्या पुरस्काराची ओढ लागली की ‘मिटवून घे बाई’ हा दाब दुबळ्यावरच येतो. दलित किंवा पारधी कुटुंबावर तर आधी येतो.

पैशाचंही बोलू. कैद्यांच्या मजुरीतला काही भाग पीडितांसाठी बाजूला काढावा, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९८ मध्येच सांगितलं. पीडितांना भरपाई देण्याची तरतूद कायद्यात २००९ पासून आहे. तिचा अर्ज कुठे करायचा हे अंबड-मंठ्याच्या वाडीवस्तीवर किती विधवांना कुणी सांगितलं असेल?

म्हणून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे माझी मागणी आहे. कैदी आणि पीडित कुटुंब यांच्या भेटीची सुरुवात तुरुंगातून नको, फिर्यादीच्या घरातून करा. प्रशिक्षित कार्यकर्तीनं आधी भरपाईचा अर्ज भरून द्यावा, मुलांच्या शाळेचं, सातबाऱ्यावरच्या वारसनोंदीचं पाहावं. त्यानंतरच, बाईची इच्छा दिसली तर, भेटीचा विषय काढावा. ती नको म्हणाली तर प्रकरण तिथंच थांबावं. भेटीला तयार झाल्याबद्दल कैद्याला एका दिवसाचीही माफी मिळू नये. नाहीतर त्याचा पश्चात्ताप खरा की सुटकेपुरता, हे ओळखण्याचं ओझं पुन्हा त्या बाईवरच पडेल.