छातीच्या व्यंगावरील उपचार : शस्त्रक्रिया, ब्रेस आणि व्यायाम

(न्यासाच्या वार्षिक सभेत रुग्णालय प्रशासकांनी केलेले निवेदन)



आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. शरीरशास्त्रावर बोलण्याचा आमचा अधिकार नाही. तथापि वैद्यकीय सहकाऱ्यांनी समजावून दिलेली एक गोष्ट आमच्या खतावणीतील उणिवेशी निगडित असल्याने ती आपणांसमोर मांडणे कर्तव्य ठरते.

काही मुलांच्या छातीचे मधले हाड आत दबलेले असते, तर काहींचे कबुतराच्या छातीसारखे पुढे आलेले असते. वयात येताना उंची झपाट्याने वाढते, तसे हे व्यंगही अनेकदा वाढते. मुलगा सदरा काढावयास लाजतो, पोहणे सोडतो, खांदे झुकवून चालू लागतो. खड्डा खोल असल्यास श्रमाने धाप लागते ती वेगळीच.

दबलेल्या छातीसाठी डॉ. रॅविच यांची १९४९ मधील शस्त्रक्रिया दीर्घकाळ प्रचलित होती. तीत बरगड्यांच्या कूर्चा काढाव्या लागत. अमेरिकेतील डॉ. डोनाल्ड नस यांनी १९८७ मध्ये हाडाखालून वक्र धातुपट्टी सरकवून ते उचलण्याची पद्धत योजिली व १९९८ मध्ये ती प्रसिद्ध केली. ही पट्टी साधारणतः दोन ते चार वर्षे आत राहते. त्या काळात श्वसनाचे आणि पाठ ताठ ठेवण्याचे व्यायाम रुग्णाला शिकवावे लागतात.

पुढे आलेल्या छातीची गोष्ट निराळी. वाढत्या वयात कूर्चा लवचीक असतात. बाहेरून बेताचा दाब देणारा ब्रेस रोज बरेच तास, महिनोन्‌महिने वापरला तर अनेक मुलांना शस्त्रक्रिया लागतच नाही. ब्राझीलमधील अस्थिशल्यविशारद डॉ. सिडनी हाजे यांनी ब्रेस व व्यायाम यांची सांगड घातली होती. केवळ व्यायामाने हाड जागेवर येत नाही, हे आमचे भौतिकोपचारतज्ज्ञ स्वतःच सांगतात. मात्र व्यायामाविना केलेला उपचार त्यांना अपुरा वाटतो.

आता खतावणीकडे वळतो. शस्त्रक्रियेसाठी आमच्याकडे स्वतंत्र निधी आहे, आणि आपण त्यात सढळ हाताने भर घालता. ब्रेस, त्याची दुरुस्ती, व्यायामासाठीच्या फेऱ्या हे सारे ‘किरकोळ’ या सदरात जात असे.

काही वर्षांपूर्वी खेड्यातील एका तेरा वर्षांच्या मुलास आम्ही ब्रेस दिला. मुलगा वाढला, ब्रेस तोकडा पडला. तो बदलून घेण्यास यावे तर वडिलांची रोजंदारी बुडे, एस.टी.चे भाडे वेगळे. ब्रेस फडताळात पडून राहिला. मुलगा सतराव्या वर्षी परत आला तेव्हा छाती ताठरलेली होती. शस्त्रक्रिया करावी लागली. ती निधीतून झाली, आणि त्या वर्षीच्या अहवालात आम्ही ती अभिमानाने छापली. हिशेबात एका पैचीही चूक नव्हती.

म्हणून यंदापासून ‘ब्रेस, व्यायाम व पाठपुरावा’ असे स्वतंत्र खाते उघडले आहे. प्रवासभाडे हा वैद्यकीय खर्च कसा, अशी पृच्छा एका विश्वस्तांनी केली. पृच्छा रास्तच होती; वरील मुलाचे कागद आम्ही त्यांच्यापुढे ठेवले, व त्यांनी भाड्याच्या तरतुदीस संमती दिली. या खात्यातून होणाऱ्या कामाचे छायाचित्र फारसे देखणे निघणार नाही, हे देणगीदारांस आधीच सांगून ठेवतो. ज्यांना आपली देणगी येथे वळवावयाची असेल त्यांनी पावतीवर तसा उल्लेख करून घ्यावा. लेखा विभागास सूचना दिलेल्या आहेत.