बायपासनंतरचं दस्तरखान



बायपास हा शब्द आता आपल्या मोहल्ल्यात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. पण ऑपरेशन झालं म्हणजे आजार गेला, हा समज मात्र पक्का आहे. सर्जन छातीतली किंवा पायातली रक्तवाहिनी घेऊन अडथळ्याच्या पुढे जोडतो, रक्ताला नवी वाट करून देतो. जुना अडथळा तिथेच राहतो. ज्या कारणांनी तो तयार झाला, ती तंबाखू, साखर, रक्तदाब, डालडा ही कारणंही घरातच राहतात. पायातून घेतलेली नस काही वर्षांनी पुन्हा बंद होऊ शकते. म्हणून आज मी पेशंटपेक्षा त्याच्या घरातल्या तरुणांबद्दल, म्हणजे तुमच्याबद्दल बोलणार आहे.

अब्बांसाठी वेगळं, अळणी शिजवायचं आणि बाकीच्यांनी समोर बसून निहारी खायची, हे फार तर महिनाभर चालतं. मग अब्बांचा हात हळूच आपल्या थाळीत येतो. त्यांना दोष कसा देणार? बदल सगळ्या दस्तरखानाचा व्हायला हवा. माणशी दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा. त्यात लोणचं, पापड, फरसाणही आलं. सकाळच्या चहासोबतची खारी आणि नानखटाई बहुधा वनस्पती तुपातली असते, ती आधी बंद करा. मटण हराम झालं असं कुणी म्हणत नाही! चरबी काढून, दोन-तीन बोट्या, तेही कधीतरी. पाया, भेजा, कलेजी यांना मात्र सलाम करा. कोकणातल्यांचं बरं आहे, बांगडा आणि तारली हृदयाला चांगली. फक्त तळू नका, कालवण करा. आणि बकरी ईदला फ्रीज भरून ठेवण्यापेक्षा वाटपाचा हिस्सा मोठा करा.

आता जे बोललं जात नाही ते. बायपास अम्मीची झाली तर? छातीचं हाड जुळायला दोन-तीन महिने लागतात. तोवर जड उचलायचं नाही, ढकलायचं नाही, ओढायचं नाही. आणि आपल्या घरात पंधराव्या दिवशी ती देगची उचलत असते, कणीक मळत असते, कारण ‘दुसरं कोण करणार?’ तुम्ही करणार. मुलग्यांनो, खास तुम्हालाच सांगतोय. अब्बा आजारी पडले की घर त्यांच्याभोवती फिरतं. अम्मी आजारी पडली की तिलाच घर फिरवावं लागतं. हा अन्याय आहे, आणि तो तिच्या जिवावर बेतू शकतो.

रोज्यांचा प्रश्न दरवर्षी येतो. आजारी माणसाला रोजा सोडण्याची मुभा कुराणातच आहे. बरं होण्याची आशा नसेल तर फिदयाची सोय आहे. गोळ्यांच्या वेळा चुकवून, दिवसभर पाण्याशिवाय राहून, वर इफ्तारला भजी खाणं पेशंटला झेपणारं नाही. रमजानआधी डॉक्टरांना विचारा. घरातल्या बुजुर्गांनी ‘लोक काय म्हणतील’ म्हणून रोजा धरू नये, एवढं धाडस तुम्ही त्यांना द्यायला हवं. नमाजही खुर्चीवर बसून होते; सजद्याला हातांवर भार देऊन छातीला ताण देऊ नका.

व्हॉट्सअॅपवर ब्लॉकेज उघडणारे काढे फिरत असतात. कलौंजी खायची तर खा, पण तिच्या भरवशावर अॅस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची गोळी बंद करू नका. त्या गोळ्या बहुतेकांना कायमच्या असतात. गुटखा, बिडी, मिश्री मात्र त्याच दिवशी बंद. चालणं पाच-दहा मिनिटांपासून सुरू करून डॉक्टरांच्या सल्ल्याने अर्ध्या तासापर्यंत न्या. सुरुवातीला अब्बांना एकटं पाठवू नका, सोबत जा. ऑपरेशननंतर अनेक जण उदास होतात, चिडतात. चालताना ते बोलतात.

शेवटचं तुमच्या स्वतःबद्दल. वडिलांना पंचावन्नच्या आत किंवा आईला पासष्टच्या आत हृदयविकार झाला असेल, तर तुमचाही धोका वाढतो. पंचवीस वर्षांचे असलात तरी रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्या. ज्यांनी अजून तपासलं नाही, त्यांनी कार्यक्रम संपल्यावर मला भेटा. या आठवड्यात कधी जायचं ते इथेच ठरवू.