ख्रिस्तसभेचा अधिकार कशासाठी?



कामगार चळवळीतला माणूस धर्मशास्त्रावर बोलणार, याचे काहींना नवल वाटले असेल. आम्ही कॉलेजची पायरी चढलेलो नाही. जे वाचले ते पाळी सुटल्यावर वाचले. परंतु खडकीत अँग्लिकनांनी १८४१ साली बांधलेले ऑल सेंट्स देऊळ आहे आणि आम्हां कॅथलिकांचे संत इग्नेशियसचेही आहे. ‘देव एक, पुस्तक एक, मग देवळे दोन का?’ असे कारखान्यातले हिंदू-मुसलमान सोबती आम्हांला वर्षानुवर्षे विचारत आले आहेत. हल्ली तोच प्रश्न आमच्या घरांतून उठू लागला आहे, आणि तिथे तो केवळ कुतूहलाचा राहत नाही.

आक्षेप आधी मांडू, आणि तो ज्या तोंडून सर्वांत तेजस्वीपणे निघाला त्या नावानेच मांडू. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात वॉन्टेज येथे बाप्तिस्मा घेतला. तिथल्या मठवासिनी अँग्लिकन होत्या, रोमच्या नव्हेत. पण बिशप, परंपरा, आज्ञापालन यांवर त्यांचा भर आमच्यासारखाच. दोनच वर्षांत रमाबाईंनी त्यांना पत्रातून ठणकावले की, आपल्या देशातल्या पुरोहितांचे जू आत्ताच कुठे मानेवरून उतरवले आहे, दुसरे घेण्याची आपली तयारी नाही. बायबलात जे आहे ते मानीन, बाकी कोणाच्या हुकमाने मानणार नाही, ही त्यांची भूमिका. प्रॉटेस्टंट पंथाचे सारे सार तीत आले. बाईंनी जे सोसले ते पाहता हा आक्षेप हसण्यावारी नेणाऱ्याला आम्ही भला माणूस म्हणणार नाही.

तरीही आमचे उत्तर आहे. बायबलात कोणती पुस्तके यावीत याची यादी बायबलात कुठे आहे? नव्या करारातली २७ पुस्तके कोणती, हे इ. स. ३६७ मध्ये अथनेशियस या बिशपाने पत्रात लिहिले. पुढे ३९३ ची हिप्पोची आणि ३९७ ची कार्थेजची सभा यांनी ते कायम केले. म्हणजे ज्या पुस्तकाच्या बळावर बिशपांचा अधिकार नाकारायचा, ते पुस्तक बिशपांच्या सभेनेच निवडून हाती दिले. पावती मान्य आणि पेढी अमान्य, हा हिशेब आम्हांला जुळवता येत नाही.

आमच्या धंद्यातला दाखला देतो. युनियनची घटना छापील असते, प्रत्येक सभासदाच्या खिशात असते. पण एका कलमाचे दोन अर्थ निघाले की ती घटना स्वतः उठून बोलत नाही. कोणीतरी निर्णय द्यावा लागतो. नाहीतर एका गेटवर तीन झेंडे लागतात आणि मालक खुशाल झोपतो. स्वतः रमाबाईंनीच १९०७ च्या आपल्या आत्मनिवेदनात लिहून ठेवले आहे की, ख्रिस्ती देशांत पंथापंथांची परस्परविरुद्ध शिकवण पाहून आपण गोंधळून गेलो. हा गोंधळ बाईंच्या बुद्धीतला खचित नव्हता. ती बुद्धी पुढे मूळ भाषांशी झुंजून सबंध बायबल मराठीत उतरवणारी होती.

आता कोणी म्हणेल, चिटणीसच पैसे खाणारा निघाला तर? निघतात, आम्ही पाहिले आहेत. पण म्हणून त्याने फाडलेली वर्गणीची पावती खोटी ठरत नाही, सभासदाचा हक्क बुडत नाही. हेच संत ऑगस्टीनने चौथ्या-पाचव्या शतकात उत्तर आफ्रिकेतल्या दोनातवाद्यांना सांगितले: धर्मगुरू नालायक असला तरी संस्कार ख्रिस्ताचा आहे. पापमोचनाच्या नावाने पैसा गोळा होत होता, हे लूथरचे १५१७ चे म्हणणे खरेच होते. तो व्यवहार १५६७ साली पाचव्या पायसने बंद केला, त्याच पोपच्या अधिकाराने. पन्नास वर्षे लागली. फार लागली.

पोप चुकतच नाही असे आम्ही मानतो, हाही एक समज आहे. १८७० च्या व्हॅटिकन सभेने सांगितले ते इतकेच की, श्रद्धा व नीती यांविषयी सबंध ख्रिस्तसभेसाठी अखेरचा निर्णय म्हणून तो जेव्हा विधिपूर्वक बोलतो, तेव्हा तो अचूक असतो. त्यानंतर असा निर्णय एकदाच झाला, १९५० साली, मरियेच्या स्वर्गोन्नयनाविषयी. पोपचे राजकारण, त्याचे मत, त्याच्या नेमणुका, यांत तो तुमच्याआमच्यासारखा चुकू शकतो.

हे वाद कागदावर राहते तर आम्ही आज इथे उभे राहिलो नसतो. आमच्या ओळखीचे एक कुटुंब आहे. धाकटा भाऊ एका प्रार्थनामंडळात जाऊ लागला. आई वारली, महिन्याने मिस्सा ठेवली, तर तो आला नाही. मेलेल्यांसाठी प्रार्थना बायबलात नाही, म्हणाला. थोरल्याने बायबल काढून मक्काबींचे दुसरे पुस्तक दाखवले, त्यात लढाईत पडलेल्यांसाठी प्रार्थना आहे. धाकट्याच्या बायबलात ते पुस्तकच नाही! लूथरने १५३४ च्या आपल्या बायबलात अशी पुस्तके वेगळी काढली. मराठी प्रॉटेस्टंट बायबलात ती येत नाहीत. यादी कोणी ठरवायची हा प्रश्न असा आईच्या कबरीपाशी येऊन ठेपतो. आई देवाच्या हाती आहे हे दोघेही मानतात. तिच्यासाठी अजून काही करता येते, हे आम्ही मानतो, आणि ते आमच्याकडून काढून घेऊ नका, एवढीच आमची विनंती.

प्रॉटेस्टंट बंधूंनाही अधिकाराची गरज भासली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले. त्यात बिशप राखले, आणि बालकांचा व प्रौढांचा असे दोन्ही बाप्तिस्मे चालतील असे ठरले. हे कोणीतरी ठरवले, म्हणूनच झाले. आम्हांला त्याचा आनंद आहे.

आता त्या धाकट्या भावाला प्रार्थनामंडळ सांगते की, लहानपणचा बाप्तिस्मा व्यर्थ, पुन्हा पाण्यात उतर. आमच्याकडे उलट आहे. पाण्याने आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने झालेला प्रॉटेस्टंटांचा बाप्तिस्मा रोम खरा मानते, आणि तो पुन्हा देण्याची आम्हांला मनाई आहे. ही मनाईही त्याच अधिकाराची.