रेसच्या गाडीसाठी परवडणारा जॅक

मोटार शर्यतीचा विषय निघाला की बोलणं इंजिनावर जातं, टायरवर जातं. पण शर्यतीच्या दिवशी पिटमध्ये सारखं हाताशी लागतं ते अवजार म्हणजे जॅक. टायर बदला, ब्रेक पॅड तपासा, सस्पेन्शन थोडं खालीवर करा. गाडी आधी उचलावीच लागते. ल मॉंच्या चोवीस तासांच्या शर्यतीत धावणाऱ्या गाड्यांच्या पोटातच हवेवर चालणारे जॅक असतात. बाहेरून नळी जोडली की गाडी क्षणात वर येते. पुण्या-कोल्हापुराहून गाडी घेऊन कोइम्बतूरच्या किंवा चेन्नईजवळच्या ट्रॅकवर जाणाऱ्या हौशी संघाला मात्र चाकांवर सरकणारा साधा ट्रॉली जॅकच घ्यावा लागतो, तोही बेताच्या पैशांत. दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न असतो, किती टनांचा? माझं म्हणणं असं की, या खरेदीत तो प्रश्न शेवटी विचारायचा आहे.

साधा हिशेब करून पाहू. स्विफ्ट किंवा पोलोसारख्या घरगुती गाडीची रेसची गाडी बनवताना मागची सीट, गालिचे, एसी असं सगळं काढून टाकतात. वजन हजार किलोच्या आसपास येतं. त्यातही जॅक अख्खी गाडी कधीच उचलत नाही. एका वेळी पुढची बाजू किंवा मागची. इंजिन पुढे असलेल्या गाडीत पुढच्या चाकांवर निम्म्याहून जास्त भार असतो, म्हणून सहाशे-साडेसहाशे किलो धरा. दीड टनाच्या जॅकला हे ओझं त्याच्या क्षमतेच्या निम्म्याहूनही कमी आहे. यावर कोणी म्हणेल, जास्त टनांचा घेतला तर बिघडलं काय, तेवढीच सुरक्षितता. पण जॅकचे अपघात क्षमता कमी पडल्याने होतात त्यापेक्षा जास्त गाडी घसरल्याने, जॅक चुकीच्या जागी लागल्याने किंवा सील गळल्याने होतात. यातल्या एकाही गोष्टीवर टनांचा आकडा हा उपाय नाही. दोन टनांचे छोटे, अरुंद जॅक डुगडुगतात हे खरं. पण तो दोष त्यांच्या आखूड, अरुंद सांगाड्याचा आहे. तीन टनांचा लांब-रुंद जॅक घेतलात, तर तो त्या लांबी-रुंदीसाठी घ्या.

मग आधी काय पाहायचं? टेप घेऊन गाडीजवळ जा. रस्त्यावरच्या गाडीच्या पोटाखाली दीडशे-एकशेसाठ मिलिमीटर जागा असते. ट्रॅकसाठी खाली बसवलेल्या गाडीत ती शंभरच्याही खाली जाऊ शकते. नेहमीच्या ट्रॉली जॅकची गाडीला टेकणारी वाटी पूर्ण खाली असतानाही जमिनीपासून एकशेतीस-चाळीस मिलिमीटरवर असते. म्हणजे तो जॅक कितीही टनांचा असला तरी गाडीखाली शिरणारच नाही. लो प्रोफाइल जॅकमध्ये हीच उंची पंचाहत्तर ते नव्वदपर्यंत येते. आणि हे माप टायरमधली हवा सोडून घ्यायचं, कारण पंक्चर झालेली गाडी आणखी खाली बसते आणि जॅक नेमका तेव्हाच लागतो. दुसरं माप बंपरच्या टोकापासून पुढच्या क्रॉसमेंबरपर्यंतचं, म्हणजे गाडीखालच्या ज्या आडव्या भक्कम भागाला जॅक लावतात तिथपर्यंतचं. जॅक आखूड असेल तर वाटी जागेवर पोहोचेपर्यंत दांडा बंपरला अडतो, आणि अडलेल्या दांड्याने पंप मारता येत नाही. तिसरं माप वरचं. उचललेली गाडी ज्यावर टेकवून ठेवायची त्या स्टँडची कमीत कमी उंची बहुधा पावणेतीनशे मिलिमीटरच्या वर असते, आणि जॅकने गाडी त्याच्याही थोडी वर न्यायला हवी.

एक आक्षेप रास्त आहे. चाकं लाकडी फळ्यांवर चढवली तर साधा जॅकही खाली शिरतो, मग जादा पैसे का मोजायचे? घरच्या गॅरेजसाठी हे उत्तम आहे, आणि ज्याचं काम तिथेच संपतं त्याने खुशाल तसं करावं. ट्रॅकवर मात्र सरावाच्या दोन फेऱ्यांमध्ये, हवा गेलेल्या टायरवर गाडी फळीवर चढवत बसणं जमत नाही. फॉर्म्युला प्रकारच्या हलक्या, एकसीटी गाड्यांना हायड्रॉलिक जॅकही लागत नाही. लांब दांड्याचा, तरफेवर चालणारा जॅक वेल्डरकडून बनवून घेता येतो आणि तो सगळ्यांत स्वस्त पडतो. अॅल्युमिनियमचा जॅक घ्यायचा का, हेही काम कुठे आहे त्यावर ठरतं. दीड टनाचा पंधरा किलोंच्या आसपास भरतो, तर लोखंडी लांब जॅक त्याच्या दुपटीच्या पुढे जातो. दरवेळी टेम्पोत चढवायचा-उतरवायचा असेल तर हा फरक पाठीला कळतो. गॅरेजबाहेर न जाणाऱ्या जॅकसाठी मात्र तेवढे पैसे वाया जातात.

सगळ्यांत मोठा आक्षेप असा की, स्वस्त जॅक दगा देतो. देतोही. पण महाग जॅकही गाडी धरून ठेवण्यासाठी नसतो; तो फक्त उचलण्यासाठी असतो. दांडा फिरवला की झडप उघडते, तेल टाकीत परततं आणि गाडी खाली येते. तीच झडप किंवा सील झिजलं तर गाडी आपोआप खाली येते. म्हणून उचलल्याबरोबर स्टँड लावायचे, आणि त्याआधी जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे. स्टँडमध्येही डोळे झाकून स्वस्ताई नको. 2020 साली अमेरिकेत लाखो स्वस्त स्टँड परत मागवावे लागले, कारण भाराखाली त्यांची दातेरी पट्टी निसटू शकत होती. आणखी एक. उचलताना वाटी सरळ वर जात नाही, कमानीत फिरते, म्हणून जॅकची चाकं थोडी सरकायला हवीत. कच्च्या जमिनीवर ती रुततात आणि वाटी गाडीखालून निसटते. तिथे जॅकखाली जाड प्लायवूड टाका.

तेव्हा पैशांचा क्रम असा लावावा. आधी गाडीखाली शिरणारी, क्रॉसमेंबरपर्यंत पोहोचणारी आणि स्टँडवर चढवणारी मापं. मग सील किट गावात मिळेल असा जॅक, म्हणजे गळायला लागला तर टाकून न देता दुरुस्त करता येईल. त्यात जॅकचंच तेल घालायचं. ब्रेक ऑइलने त्याची रबरी सीलं फुगून खराब होतात. टनांचा आकडा फुगवण्यात घालवले असते ते पैसे चांगल्या चार स्टँडसाठी ठेवा. गाडीखाली माणूस काम करत असतो तेव्हा भार त्यांच्यावरच असतो.