कपाटातला माल आणि दुकानातला आकडा

गावोगावच्या बचत गटांचे मसाले, पापड, लोणची आता आठवड्याच्या बाजारापुरती राहिलेली नाहीत. मोबाइलवरच्या दुकानातून ती पुण्या-मुंबईच्या घरांत जातात. माल चांगला असतो, मेहनतही प्रामाणिक असते. तरीसुद्धा पुष्कळदा घोटाळा होतो तो एका आकड्यात. दुकानात दिसते ‘शिल्लक १२’, आणि कपाट उघडावे तर पाकिटे चारच! गिऱ्हाइकाने पैसे तर भरलेले असतात. मग ते परत करा, माफी मागा. असे दोनदा झाले की ते गिऱ्हाईक तिसऱ्यांदा येत नाही. हा आकडा खरा कसा ठेवावा, एवढेच आज सांगायचे आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, गटाने कांदा-लसूण मसाल्याचा एक घाणा काढला. मिरची, खोबरे, धने, कांदा, लसूण मिळून कच्चा माल १२ किलो. पाकीट २०० ग्रॅमचे. कागदावर भागाकार केला तर ६० पाकिटे होतात, आणि घाईघाईने दुकानात ६० चा आकडा चढवला जातो. पण भाजताना ओल उडून जाते. तयार मसाला भरतो ११ किलो २०० ग्रॅम. त्यातला ४०० ग्रॅम यंत्राला चिकटतो, सांडतो. प्रत्यक्ष भरली जातात ५४ पाकिटे. त्यांतले एक नमुना म्हणून ठेवले, की विकायला राहिली ५३. म्हणजे दुकानात सात पाकिटे अशी दिसत आहेत, जी जगात नाहीतच!

म्हणून पहिला नियम असा, की दुकानातला आकडा कच्च्या मालावरून काढू नये. पाकिटे भरून, सील करून, मोजून झाल्यावरच तो चढवावा. आणि जुना माल शिल्लक असेल तर नवा आकडा त्यात मिळवावा. शिल्लक १० असताना नुसते ५३ लिहिले, तर १० पाकिटे दुकानातून नाहीशी होतात, लिहायचे ६३.

दुसरी गोष्ट, नाव एकच हवे. वहीत ‘मसाला लहान’, पाकिटावर ‘कांदा-लसूण’, दुकानात तिसरेच काही, असे असले तर मेळ बसणार कसा? प्रत्येक मालाला आणि प्रत्येक वजनाला एकच संकेतांक द्यावा व तोच तिन्ही ठिकाणी वापरावा. मोबाइलवरचा तक्ता दुकानाला जोडून आकडे आपोआप चढवण्याची सोय पुष्कळ ठिकाणी असते. पण तीही या संकेतांकावरच चालते. आणि यंत्र खरा आकडा जेवढ्या झटक्यात पोचवते, तेवढ्याच झटक्यात खोटाही पोचवते, हे विसरू नये.

आता खरी गुंतागुंत पाहा. त्या ५३ पाकिटांपैकी २० बाजारात नेली. त्याच घटकेला दुकानातूनही २० कमी केली पाहिजेत. बाजार उठल्यावर नव्हे. राहिली ३३. इतक्यात दुकानात पाच पाकिटांची मागणी आली. बहुतेक दुकाने मागणी येताच आकडा स्वतःच कमी करतात, म्हणून तिथे दिसतील २८. कपाटात मात्र अजून ३३ आहेत, कारण पार्सल गेलेले नाही. घाबरू नका, हिशेब बरोबर आहे. पार्सल गेल्यावर वहीतून पाच वजा करायचे. दुकानातून पुन्हा नाही.

यातून रोजचा ताळा मिळतो: दुकानातली शिल्लक अधिक पाठवायची राहिलेली पाकिटे, बरोबर कपाटातली पाकिटे. २८ आणि ५, झाले ३३. संध्याकाळी पाच मिनिटे द्यावीत. जुळले नाही तर त्याच दिवशी शोधावे. आठवड्याने कोणालाच काही आठवत नसते.

घाण्याचा क्रमांक, म्हणजे बॅच नंबर, आणि तयार केल्याची तारीख पाकिटावर छापणे कायद्यानेच आवश्यक आहे. तोच क्रमांक पाठवलेल्या प्रत्येक पार्सलापुढे वहीत लिहावा. उद्या एका पाकिटात खडा निघाला, तर त्या घाण्याची पाकिटे कोणाकोणाकडे गेली ते लगेच कळेल. वही नसेल तर सगळाच माल संशयात जातो आणि चार घाण्यांची मेहनत वाया जाते. शिवाय ज्याची मुदत आधी संपते तो माल आधी पाठवावा. नोव्हेंबर २०२४ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रेत्यांना सांगितले, की माल घरी पोचेल तेव्हा त्याची ३० टक्के मुदत किंवा ४५ दिवस शिल्लक असावेत. घाण्याची तारीखच ठाऊक नसेल, तर हे पाळणार कसे?

शिक्षक बंधुभगिनींनो, बेरीज-वजाबाकीचा आणि शेकडेवारीचा याहून जिवंत धडा कुठे मिळेल? गटाच्या वहीचे एक पान फळ्यावर लिहा आणि मुलांना ताळा करू द्या. त्यांतलेच कोणी घरी जाऊन आईची वही लिहू लागेल.

१५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातल्या सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापडाचा उद्योग सुरू केला. त्यांना वाट दाखवणाऱ्या छगनबाप्पांचा आग्रह होता, की हिशेब चोख ठेवा. तेव्हा वही कागदाची होती, आज ती मोबाइलवर आली असेल. पण आग्रह तोच धरायचा आहे. पुढचा घाणा काढाल तेव्हा भट्टी विझली की आधी पाकिटे मोजा, वहीत लिहा, आणि मगच दुकान उघडा.