चांदी कुणाची, धुणं कुणाचं?

(अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी गोदीत माल उतरवणारा माणूस. शिक्षण मॅट्रिक. कविता लिहितो म्हणून इथं बोलावलंय, पण आज कविता नाही. आज एका खाणगावाचे धंदे सांगणार आहे. गाव अमेरिकेतलं, नेव्हाडातलं. नाव व्हर्जिनिया सिटी. काळ १८५९ ते १८८०.

कुणी म्हणेल, वस्तीत नळाला पाणी नाही अन्‌ हा नेव्हाडा काय घेऊन बसला? तर ऐका. तिथं मनू नव्हता. गावकूस नव्हतं, पाटील-कुलकर्णी नव्हते, बलुतं नव्हतं. गोऱ्यांच्या लेखी तो डोंगर अगदी कोरा होता. (पायूट नावाचे मूळ लोक तिथं पिढ्यान्‌पिढ्या पाइनच्या बिया वेचून जगत होते, पण त्यांना विचारतो कोण.) अशा कोऱ्या जागेवर माणसं येतात, वीस वर्षांत शहर उभं करतात अन्‌ धंदे वाटून घेतात. कुणी काय करायचं, कुणी काय करायचंच नाही, हे धर्मग्रंथाशिवाय कसं ठरतं ते बघण्यासारखं आहे.

चांदी सापडली ती शिव्या खात. १८५९ सालच्या उन्हाळ्यात ओरायली अन्‌ मॅकलाफलिन ही दोन आयरिश माणसं सोन्यासाठी माती धूत होती. निळा चिकट चिखल लागायचा, सोनं धुवायला आडवा यायचा. सगळे तो शिव्या घालून फेकून द्यायचे. मग कुणीतरी तो पारखणाऱ्याकडं तपासायला पाठवला. एका टनाला तीन हजार डॉलरच्या वर किंमत निघाली, त्यात बहुतांशी चांदी. बस, झुंबड उडाली. त्या चांदीच्या शिरेला नाव पडलं हेन्री कॉमस्टॉकचं. तो मधे घुसून वाटा मागणारा बोलघेवडा. त्यानं आपला हक्क दहा-अकरा हजार डॉलरला फुंकला अन्‌ १८७० साली गोळी झाडून घेऊन मेला. मॅकलाफलिननं तर साडेतीन हजारांत विकलं. पुढं त्या डोंगरातून कोट्यवधी डॉलरचा माल निघाला. तो शोधणाऱ्यांच्या वाट्याला आला नाही.

मग कुणाच्या वाट्याला? इथं जरा नीट ध्यान द्या.

पैसा खणण्यात नव्हता, खणणाऱ्याला लागणाऱ्या वस्तूंत होता. खाणीला लाकूड पाहिजे. आतली माती इतकी भुसभुशीत की साधा टेकू टिकेना. १८६० साली डाइडशायमर नावाच्या जर्मन इंजिनियरनं लाकडाच्या चौकटी एकावर एक रचायची युक्ती काढली, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी. त्या चौकटींनी टाहो सरोवराकाठची जंगलं खाल्ली. लाकूडवाल्या कंपन्या गब्बर झाल्या. प्यायला पाणी पाहिजे, खाणीतलं पाणी घाण. १८७३ साली सिएरा पर्वतावरून लोखंडी नळानं पाणी आणलं, ते विकणारी कंपनी गब्बर झाली. खाली खोल गेलं की उकाडा असा की माणूस उभ्या उभ्या शिजतो. खडकातून कढत पाणी फुटायचं. मग खाणीत बर्फ उतरवायचे. बर्फाचा धंदा निघाला.

ह्या सगळ्यांच्या वर बसली बँक. बँक ऑफ कॅलिफोर्निया. १८६४ साली तिचा एजंट विल्यम शॅरन गावात आला. इतर सावकार महिन्याला तीन ते पाच टक्के घ्यायचे, ह्यानं दोन टक्क्यानं कर्ज दिलं. वा, केवढा दयाळू! दगड दळणाऱ्या गिरण्यांचे मालक रांगेनं आले. मग धंदा मंदावला, हप्ते थकले. बँकेनं एकेक गिरणी गिळली. १८६७ साली त्या गिरण्यांची स्वतःची कंपनी केली, १८६९ साली स्वतःची रेल्वे सुरू केली. म्हणजे खाण त्यांची, दळण त्यांचं, वाहतूक त्यांची. आपल्या गावाकडच्या सावकाराला हे नवं नाही. तो जमिनीचा तुकडा गिळतो, ह्यानं अख्खा डोंगर गिळला.

बँकेवर मात करणारे चौघे निघाले. मॅके, फेअर, फ्लड अन्‌ ओब्रायन. त्यातला जॉन मॅके खाणीत चार डॉलर रोजावर राबलेला. फ्लड अन्‌ ओब्रायन हे तर सॅन फ्रान्सिस्कोतले दारूचे दुकानदार. शेअर-दलाल दुपारी तिथं प्यायला यायचे अन्‌ बोलायचे. हे ओतायचे अन्‌ ऐकायचे. १८७३ साली ह्या चौघांना मोठं घबाड लागलं. दारू ओतण्यापेक्षा कान उघडा ठेवणं हा जास्त मोठा धंदा, एवढंच मी म्हणतो.

आता कामगार. मी कामगार, तेव्हा इथं मी जास्त वेळ घेणार.

१८६७ साली व्हर्जिनिया सिटीत खाणकामगारांची युनियन झाली. मागणी एक. जमिनीखाली उतरणाऱ्या प्रत्येक माणसाला चार डॉलर रोज. कुशल, अकुशल, नवा, जुना, सगळ्यांना सारखा. अन्‌ तो मिळवला. टिकवला. पुढं पाळी आठ तासांवर आणली. त्या काळात अमेरिकेत दुसरीकडं कामगार दिवसाला दीड-दोन डॉलरवर राबत होता. मला ह्या युनियनचं मनापासून कौतुक आहे. ओझं उचलून ज्याची पाठ मोडते त्याला सारखा रोज म्हणजे काय ते कळतं. मुकादमाच्या तोंडाकडं बघावं लागत नाही.

पण ‘प्रत्येक माणूस’ म्हणजे कोण? चिनी माणूस त्यात नव्हता.

चिनी काही मागून आलेले पाहुणे नव्हते. चांदी सापडायच्या आधी, १८५० नंतरच्या दशकात, डोंगराच्या पायथ्याशी पाण्याचा पाट खोदायला त्यांना आणलं होतं. पाट झाल्यावर ते तिथंच वाळू धूत राहिले. त्या जागेला लोक चायनाटाउनच म्हणायचे, पुढं तिचं डेटन झालं. १८५९ च्या जूनमध्ये गोल्ड हिलच्या गोऱ्यांनी सभा घेऊन खाणीचे नियम केले, त्यात एक कलम: चिन्याला हक्काची जागा मिळणार नाही. मालक होता येणार नाही, हे पहिल्याच महिन्यात ठरलं. मजूरही होता येणार नाही, हे युनियननं ठरवलं. १८६९ साली रेल्वेच्या रस्त्यावर चिनी मजूर माती ओढत होते. युनियनची माणसं मिरवणुकीनं चालून गेली अन्‌ त्यांना हाकलून दिलं. शॅरननं लिहून दिलं की शहराच्या हद्दीत चिनी मजूर लावणार नाही. बँकेच्या एजंटानं युनियनपुढं वाकायचा प्रसंग आला, अन्‌ तो आला तो सगळ्यात गरीब मजुराच्या पोटावर पाय देण्यासाठी.

ते म्हणायचे, चिनी कमी पैशात राबतो, आमचा रोज पाडतो. अरे, मग त्याला युनियनमध्ये घ्या! त्यालाही चार डॉलर मागा! एवढं साधं गणित. पण ते त्यांना सुचलं नाही, कारण चिनी माणूस हा त्यांच्या लेखी माणूस नव्हताच.

आपल्याला हे लांबचं वाटायचं कारण नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात पगार जास्त. तिथं अस्पृश्याला मज्जाव, कारण कांडी भरताना धागा तोंडानं ओढायचा, मग विटाळ. लाल बावट्याखालीसुद्धा विटाळ! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल पुढाऱ्यांपुढं टाकला: हे खातं आमच्या माणसाला उघडं करणार की नाही? व्हर्जिनिया सिटीत हा सवाल टाकणारा कुणी पुढारी निघाला नाही.

मग चिन्यानं काय करायचं? खाण बंद, रेल्वे बंद. उरलं काय? गोऱ्यांना नको असलेलं काम. गावात बायका कमी, खाणवाल्यांचे कपडे चिखलानं माखलेले. एक पिंप, साबण, इस्त्री अन्‌ दोन हात, एवढ्या भांडवलावर धुलाईचा धंदा निघतो. भाषा लागत नाही. चिनी धोबी झाला. काही जण डोंगरावर तोडलेल्या झाडांचे बुंधे उकरायचे अन्‌ गाढवावर लादून दारोदार जळण विकायचे. कंपन्यांनी जंगल खाल्लं, हे त्याची मुळं विकत फिरले. काही स्वयंपाकी झाले. जडीबुटीवाले वैद्यही होते, त्यांच्याकडं गोरेसुद्धा जायचे, बहुधा अंधार पडल्यावर.

आता ह्यातली मेख बघा. चीनमध्ये ज्या मुलखातून ही माणसं आली तिथं कपडे धुणं हे बायकांचं काम. त्यांच्या बापजाद्यांत कुणी धोबी नव्हता. कुणी शेतकरी, कुणी मजूर. इथं सगळे रस्ते बंद करून त्यांच्या हातात धुणं दिलं. अन्‌ वीस-तीस वर्षांत लोक म्हणायला लागले, चिनी म्हणजे धोबीच, ते त्यांच्या रक्तातच आहे. जात तयार व्हायला वेद लागत नाहीत. दोन-तीन कायदे, एक मिरवणूक अन्‌ एक पिढी पुरते. १८८२ साली तर अमेरिकन सरकारनं चिनी मजुरांना देशात यायलाच बंदी घातली.

गाव डोंगराच्या उतारावर होतं, हे सांगायचं राहू नये. रस्त्यांना इंग्रजी अक्षरांची नावं. वरच्या ए अन्‌ बी रस्त्यावर बड्यांचे बंगले. सी रस्त्यावर दुकानं, बँका, छापखाने. तिथल्याच एका वर्तमानपत्रात सॅम्युएल क्लेमन्सनं १८६३ साली मार्क ट्वेन हे नाव घेतलं. डी रस्त्यावर वेश्यांच्या खोल्या. आणखी खाली चिनी वस्ती. सगळ्यांच्या खाली, खाणीच्या ढिगाऱ्यांजवळ, पायूटांच्या झोपड्या. त्यांची पाइनची झाडं जळणात गेलेली. बाया गोऱ्यांच्या घरी धुणी-भांडी करायच्या अन्‌ कचऱ्यातून टाकलेलं वेचायच्या. वरच्याचं सांडपाणी खाली वाहत येणार, खालच्यानं त्यात राहायचं. आपली वस्ती गावाच्या कुठल्या अंगाला असते, तुम्हीच आठवा.

डी रस्त्यावरच्या धंद्याबद्दल तिथले लोक आजही गोड गोड गोष्टी सांगतात. ज्युलिया बुलेट नावाच्या बाईचा १८६७ च्या जानेवारीत खून झाला. आगबंबवाल्यांनी तिची मोठी प्रेतयात्रा काढली. पुढं तिला डोंगराची राणी वगैरे करून टाकलं. राणी कसली? भाड्याच्या दोन खोल्यांत राहायची, मेल्यावर सामानाचा लिलाव झाला तो देणं फेडायला. जिवंतपणी डी रस्ता अन्‌ मेल्यावर बँड, हा न्याय आपल्याही ओळखीचा आहे.

एक मजेची गोष्ट मधेच सांगतो. तुम्ही पोरं ज्या जीन्स घालून बसलात, ती ह्याच मुलखातली. जवळच्या रीनो गावात जेकब डेव्हिस नावाचा ज्यू शिंपी. तंबू अन्‌ घोड्याच्या झुली शिवायचा. एका लाकूडतोड्याच्या बायकोनं नवऱ्यासाठी न फाटणारी पँट मागितली, ह्यानं खिशाच्या कोपऱ्यांना तांब्याचे रिव्हेट ठोकले. १८७३ साली कापडवाल्या लिव्हाय स्ट्रॉसबरोबर पेटंट घेतलं. अन्‌ असल्या राकट निळ्या कापडाला इंग्रजीत डंगरी म्हणतात, तो शब्द आपल्या डोंगरीचा. गोदीच्या अंगणातला. मजुराच्या ढुंगणावरचं कापड दोन्हीकडं सारखंच, फक्त आता ते महाग झालंय.

शेवटी ज्याच्यासाठी मी हा विषय घेतला तो माणूस. विल्यम ए. जी. ब्राउन. काळा माणूस, मॅसॅच्युसेट्सचा. १८६० नंतरच्या पहिल्या वर्षांत गावात आला तेव्हा रस्त्यावर बसून बूट पॉलिश करायचा. गावात काळी माणसं शंभराच्या आसपास. १८६१ च्या कायद्यानं काळ्याची, चिन्याची, इंडियनाची साक्ष गोऱ्याविरुद्ध चालत नव्हती. म्हणजे गोऱ्यानं उधारी बुडवली तर दुकानदारानं कोर्टात जाऊन सांगायचं कसं? १८६५ चा कायदा त्यांच्या पोरांना सार्वजनिक शाळेत बसू देत नव्हता. तो १८७२ साली नेव्हाडाच्या वरिष्ठ कोर्टानं मोडला. गावातला काळा डॉक्टर स्टीफन्सन शाळेसाठी भांडत होता.

अशा गावात ब्राउननं बुटाचा ब्रश ठेवला अन्‌ दारूचं दुकान काढलं. बोस्टन सलून. १८६६ पासून ते डी अन्‌ युनियन रस्त्याच्या कोपऱ्यावर होतं. शंभरावर गुत्ते असलेल्या गावात हा गुत्ता काळ्यांचा. १८७५ पर्यंत चालला. त्याच साली ऑक्टोबरमध्ये मोठ्या आगीत गावाचा मधला भाग जळाला. ब्राउनचं दुकान बंद झाल्यावर आपली म्हणून बसायची जागा राहिली नाही, अशी खंत तिथल्या काळ्या लोकांत होती.

पुढं सव्वाशे वर्षांत त्याचा कुणी पत्ता ठेवला नाही. सिनेमातल्या गुत्त्यांत काळा माणूस असलाच तर झाडू मारताना. २००० साली पुरातत्त्ववाल्यांनी जागा खोदली. वर दुसऱ्या एका गुत्त्याच्या मोटारी लावायची जागा होती. डांबर काढलं अन्‌ खाली जळालेला थर लागला. त्यात काय निघालं? नाजूक दांड्याचे काचेचे पेले. गॅसच्या दिव्याचे तुकडे. टबॅस्को सॉसची जुनी बाटली, फुटून बारीक झालेली, ती जोडली. हाडं तपासली तर गावातल्या दुसऱ्या गुत्त्यांपेक्षा इथं चांगल्या प्रतीचं मटण शिजत होतं. मातीच्या चिलमीच्या दांडीवर लाळेचा अंश मिळाला, तो बाईचा निघाला. म्हणजे बाया तिथं बसून चिलीम ओढत होत्या. अन्‌ ट्रॉम्बोन ह्या वाद्याचं पितळी तोंड मिळालं, म्हणजे वाजवणारा होता.

खाणी १८७७-७८ पासून आटल्या. १८८० च्या शिरगणतीत शहरात अकरा हजारांच्या आसपास माणसं उरली, १९०० पर्यंत तीही तीन हजारांच्या आत आली. शेअरवाले सॅन फ्रान्सिस्कोला निघून गेले. आता तिथं प्रवासी येतात अन्‌ जुन्या गुत्त्यांत फोटो काढतात.

युनियनबद्दल मी जे बोललो ते काहींना खटकलं असेल. त्यावर प्रश्न विचारा, मी थांबलोय. उद्या माझी दुपारची पाळी आहे.

जय भीम.