कोल्हिणीला वाचता येत नव्हतं

(वरठी, जि. भंडारा इथल्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण. बायांची बोली शक्यतो तशीच ठेवली आहे.)



मला 'सिनेमा आणि स्त्रीची प्रतिमा' या विषयावर बोलायला सांगितलं आहे. विषय मोठा आहे. मी त्यातला एकच सिनेमा घेणार आहे. तो पाहून इथल्या, वरठीच्या बाया काय बोलल्या ते सांगणार आहे, आणि त्या बोलण्यात माझी एक चूक कशी उघडी पडली तेही सांगणार आहे.

सावित्रीबाईंच्या जयंतीच्या आठवड्यात आम्ही बचत गटाच्या बायांसाठी समाजमंदिरात सिनेमा ठेवला. धान निघालं होतं, हातांना थोडी उसंत होती. आधी मी नेहमीप्रमाणे दारूबंदीवरचा एक माहितीपट सुचवला. तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "दारूडा नवरा घरीच हाये. त्याले पाहाले पडदा कायले पायजे?" मी गप्प झाले. माझ्याकडे एक चिनी तलवारबाजीचा सिनेमा होता, 'क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन'. तोच लावला.

२००० साली आलेला हा सिनेमा तैवानचे दिग्दर्शक आंग ली यांचा. २००१ मध्ये त्याला चार ऑस्कर मिळाले, त्यांत परभाषेतल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचाही होता. अमेरिकेत त्याने बारा कोटी डॉलरहून जास्त धंदा केला. चिनी भाषक प्रेक्षकांत मात्र मतं वेगळी होती. तलवार घेऊन छपरांवरून उडणारी माणसं त्यांनी लहानपणापासून पाहिलेली, त्यात त्यांना नवल नव्हतं. त्यांना नटांचे उच्चार खटकले. मिशेल योह ही नटी मलेशियाची, मँडरिन तिची भाषा नव्हे. तिने संवाद उच्चारांवरून पाठ करून म्हटले. म्हणजे एकाच सिनेमाला कुणी डोक्यावर घेतलं आणि कुणी हसलं. कोण कुठे बसून पाहतो यावर ते असतं. आपण समाजमंदिरात सतरंजीवर बसून पाहिला.

गोष्ट थोडक्यात अशी. ली मु बाय नावाचा मोठा तलवारबाज आपली तलवार सोडून द्यायचं ठरवतो. यू शू लिएन ही त्याची मैत्रीण. वडिलांच्या मागे माल पोचवण्याचा, संरक्षणाचा धंदा ती चालवते. दोघांचं एकमेकांवर प्रेम आहे, पण लग्न नाही. कारण तिचं लग्न ज्याच्याशी ठरलं होतं तो मेला, आणि तो ली मु बायचा मानलेला भाऊ होता. तिसरी जेन, बड्या अधिकाऱ्याची मुलगी. तिचं लग्न ठरलंय, तिला ते नकोय. रात्री तोंड बांधून ती तलवार चोरते, पुढे लग्न सोडून पुरुषाच्या वेषात पळते आणि एका खाणावळीत दहा-वीस पैलवानांना लोळवते. चौथी जेड फॉक्स. जेनच्या घरी ती दाई म्हणून राहते, पण आहे ती फरारी खुनी. तिच्या नावातला फॉक्स म्हणजे कोल्हा, म्हणून आमच्या बायांनी तिला पहिल्या दहा मिनिटांतच 'कोल्हीण' करून टाकलं.

सिनेमा चिनी भाषेत, खाली इंग्रजी अक्षरं. मी लॅपटॉपजवळ बसून थांबवत थांबवत मराठीत सांगत होते. हे लक्षात ठेवा.

आपल्याकडची प्रेक्षक-बाई भोळी असते, दिसेल ते खरं मानते, असं आपण कार्यकर्त्या बऱ्याचदा धरून चालतो. ते खरं नाही. दंडार, खडीगंमत पाहत वाढलेल्या या बाया. पुरुषांनी लुगडं नेसून बाईचं सोंग घेतलेलं त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलंय. पुरुषाच्या वेषातल्या जेनला पाहून त्या खूश झाल्या, पण भुलल्या नाहीत. एक म्हणाली, "पळून तं आली, पन पैशे कोनाचे?" बापाचे. गरिबाची पोर पळाली असती तर खाणावळीत मागवलेल्या जेवणाचे पैसे कुठून आणले असते, हा प्रश्न मला सुचला नव्हता.

शू लिएनबद्दल चाळिशीच्या पुढच्या बाया बोलल्या. "लगन झालंच नाही अन् रांडावली." कुणी हसलं नाही. समाजमंदिरात तीन-चार जणी अशा होत्या, ज्यांना नवरा गेल्यावर कुणाशी दोन शब्द बोलायचे तर आधी दाराकडे पाहावं लागतं. ली मु बाय मरताना प्रेम बोलून दाखवतो, तेव्हा एकीने रागाने म्हटलं, "आता सांगून का फायदा?" तो प्रसंग पाहून लोक रडतात असं मी वाचलं होतं. इथे बाया चिडल्या.

पण मला बोलायचं आहे ते कोल्हिणीबद्दल. तिने ली मु बायच्या गुरूला मारलेलं आहे. का मारलं, ते ती एका प्रसंगात स्वतः सांगते. तो प्रसंग आला, मी सांगितलं, "ती म्हणते, गुरूने मला विद्या दिली नाही," आणि पुढे गेले. तेवढ्यात मागून त्याच दारूबंदीवाल्या मावशी म्हणाल्या, "मॅडम, थे बाई येवढी बोलली अन् तुमी दोनच शब्द सांगतले."

खरं होतं. मी अर्धं वाक्य गाळलं होतं. ती म्हणते ते असं, की तो मला अंथरुणात घ्यायला तयार होता, पण विद्या शिकवायला तयार नव्हता. वयस्क बायांसमोर, सुना-लेकींसमोर हे कसं सांगायचं म्हणून मी ते माझ्याच मनाने कापलं. एम.एस.डब्ल्यू. झालेली, लैंगिक छळावर शिबिरं घेणारी मी! मग सिनेमा थांबवला आणि पूर्ण वाक्य सांगितलं. थोडा वेळ शांतता. नंतर सगळ्या एकदम बोलायला लागल्या. ठेकेदाराच्या गोष्टी निघाल्या, मुकादमाच्या निघाल्या. एक जण म्हणाली, "एकलव्याचा आंगठा घेतला. हिचं तं सारंच घेतलं."

कोल्हीण खुनी आहे हे कुणी विसरलं नाही. "म्हनून मारावं का?" हा प्रश्न आलाच, त्यावर वादही झाला. पण पुढची गोष्ट ऐका. गुरूला मारून तिने विद्येचं पुस्तक चोरलं, आणि तिला वाचता येत नव्हतं. चित्रं पाहून जेवढं जमलं तेवढं ती शिकली आणि छोट्या जेनलाही शिकवलं. जेन अधिकाऱ्याची मुलगी, तिला अक्षरं येत होती. तिने पुस्तक वाचलं, पुढचं सगळं शिकली, आणि दाईला त्यातलं एक अक्षर सांगितलं नाही. आठ वर्षांची होती तेव्हापासून. कोल्हीण मरते ती याच दुःखात, की गुरूने दार लावलं ते लावलं, पण मी जिला पोटच्या पोरीसारखी शिकवली तिनेही लावलं.

इथे बायांत दोन तट पडले. शिकणाऱ्या मुली जेनच्या बाजूच्या. आठ वर्षांच्या पोरीला काय दोष द्यायचा? खुनी बाईला आणखी हत्यार कशाला द्यायचं? त्यांचं म्हणणं खोटं नाही. वयस्क बाया म्हणाल्या, पोर मोठी झाल्यावर तरी सांगायचं होतं. तिला वाटायचं, सांगितलं तरी हिला कळणार नाही. "हे तं आमची सून बी म्हनते," एक जण म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. सूनही हसली, पण तिने खाली पाहिलं. ती त्या गटाची सचिव आहे. रजिस्टर तीच लिहिते.

कोल्हिणीचं काम करणारी नटी चेंग पेइ-पेइ. १९६६ साली हाँगकाँगमध्ये किंग हू यांनी 'कम ड्रिंक विथ मी' नावाचा सिनेमा केला. त्यात भावाला दरोडेखोरांकडून सोडवायला निघालेली तलवारबाज बाई, गोल्डन स्वॅलो, हिनेच रंगवली होती. तेव्हा ती विशीची होती, नृत्य शिकलेली. पडद्यावर आजही तिची हालचाल बघत राहावी अशी आहे. पण त्या सिनेमातही शेवटची मोठी लढाई दोन पुरुषांत होते. आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधी, १९३५ साली, मुंबईत वाडिया मूव्हीटोनच्या 'हंटरवाली'त नादियाने हंटर चालवला होता. बाईच्या हातात हत्यार देणं सिनेमाला केव्हाच जमलं. प्रश्न हत्याराचा नाही. ते चालवायची विद्या कुणाच्या पुस्तकात आहे, आणि ते पुस्तक कोण वाचतं, हा प्रश्न आहे. चेंग पेइ-पेइ २०२४ च्या जुलैमध्ये गेली. माझ्या लक्षात ती विशीतल्या तलवारीपेक्षा या न वाचता येणाऱ्या म्हातारीमुळे राहिली आहे.

ली मु बायही जेनला शिष्या करून घ्यायला निघतो. त्याच्या आश्रमात बायांना प्रवेश नाही, पण हिच्यासाठी नियम वाकवता येईल असं त्याला वाटतं. चांगला माणूस आहे. पण दार एका हुशार मुलीपुरतं किलकिलं होतं. कोल्हिणीसाठी नाही. १८४८ साली पुण्यात जोतिबा-सावित्रीबाईंनी शाळा काढली ती एखाद्या गुणी मुलीसाठी नियम वाकवायला नव्हे. ज्यांना मुळीच मनाई होती, त्यांच्यासाठी काढली. हा फरक आपल्या कामातही पडतो.

आता माझं सांगते. दोन वर्षांपूर्वी एका गटाच्या कर्जाच्या अर्जावर मी बायांच्या सह्या घेतल्या. घाई होती. "वाचून दाखवते नंतर," म्हटलं. नंतर दाखवलं नाही. त्यात एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्यांनी भरायचा अशी अट होती. मला माहीत होती, त्यांना नव्हती. हप्ता चुकला तेव्हा त्यांना कळलं. मी मनात म्हणत होते की सांगितलं असतं तरी काय कळलं असतं. अगदी जेनसारखं. दार लावणारे गुरू आपण भाषणांत नेहमी दाखवतो. वाचून गप्प बसणारी जेन मात्र आपल्यातच, पहिल्या रांगेत बसलेली असते.

त्या रात्रीनंतर त्या गटाने एक ठरवलं, ते मी इथल्या सगळ्या गटांपुढे ठेवते. बैठकीत सचिवाने लिहिलेलं सगळं तिथेच मोठ्याने वाचायचं. अर्ज असो, नियम असो, साहेबाचं पत्र असो, गाळायचं काहीच नाही. वाचणारी दर वेळी वेगळी, अडखळली तरी चालेल. आणि वाचून झालं की न शिकलेल्या एका बाईने विचारायचं, "काय राहिलं?" सध्या हे काम त्या मावशींकडे आहे. वेळ लागतो. बैठक अर्ध्या तासाची दीड तास होते. सुनेला सुरुवातीला ते आवडलं नव्हतं. आता तीच सासूला अंक वाचायला शिकवते आहे. सासू म्हणते, अक्षरं नंतर, आधी पासबुकातले आकडे.

सिनेमाचं नाव एका चिनी म्हणीवरून घेतलेलं आहे. दबून बसलेला वाघ, लपलेला ड्रॅगन, म्हणजे जिथे कुणाला दिसत नाही तिथे मोठं कर्तृत्व दडलेलं असतं. कोका, नागझिऱ्याच्या जंगलांशेजारी राहणाऱ्या आपल्या बायांना दबलेला वाघ कुणी समजावून सांगायला नको. तो दिसत नसला तरी पाहत असतो. त्या रात्री मी पडद्याकडे पाहत होते, आणि मागे बसलेल्या मावशी माझ्याकडे पाहत होत्या. किती सांगते, किती गाळते.

आता चर्चा करू. तुमच्या गटात रजिस्टर कोण लिहितं आणि कोण ऐकतं, इथूनच सुरू करूया.